टाळ्या वाजवून घरी गेलेल्या एकाची गोष्ट : ‘सडेतोड’ यांना उत्तर

‘संगीत शारदा’वरच्या माझ्या लेखावर ‘सडेतोड’ हे नाव घेतलेल्या एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. रात्री पावणेदोन वाजता लिहिलेली. मी ती सकाळी दोनदा वाचली, दिवसभर घरातली कामं केली आणि संध्याकाळी परत वाचली. राग उतरेल असं वाटलं होतं. तो पुरता उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली रंगभूमीवर आणलेल्या या नाटकाने जरठकुमारी विवाहाची, म्हणजे कोवळी पोर पैसे घेऊन म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायच्या रिवाजाची, समाजात लाज वाटायला लावली, असं मी लिहिलं होतं. कलेत समाज बदलायची ताकद असते, याचं आपल्या भाषेतलं मला माहीत असलेलं सगळ्यात ठळक उदाहरण हेच, असंही म्हटलं होतं.

‘सडेतोड’ यांना यातलं काहीच मान्य नाही. बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या नावाबद्दल मी लिहिलेलं चूक आहे. बदल घडवला तो कायद्याने आणि मुलींच्या शाळांनी. नाटक ठरावीक जातीच्या, तिकीट परवडणाऱ्या लोकांचं होतं. खुद्द नाटकातली शारदासुद्धा सुटते ती सगोत्र संबंध निघाल्यामुळे, म्हणजे शास्त्राच्याच कृपेने. आणि कलेत ताकद असेलच, तर द्वेष पसरवणाऱ्या गाण्यांतही ती असते, त्याचा हिशोब मी कधी मांडणार? असे त्यांचे मुद्दे आहेत.

मुद्द्यांना माझी हरकत नाही. हरकत आहे ती सुरुवातीलाच. ‘मॅडम, जरा नाट्यगृहाबाहेर या, जग बघा.’ अहो, तुम्ही मला ओळखत नाही. मी बावीस वर्षं हौशी रंगभूमीवर काम केलं आहे. तालुक्याच्या गावात शाळेच्या पटांगणावर बाकं जोडून केलेल्या रंगमंचावर उभी राहिले आहे, पेट्रोमॅक्सच्या उजेडात तोंड रंगवलं आहे. वातानुकूलित सभागृहात बसून नाटकं बघणारी बाई असं माझं चित्र तुम्ही कुठून काढलंत? लेखात तसं एक अक्षर नाही. माणूस माहीत नसताना त्याची जागा ठरवायची आणि मग त्या जागेवरून त्याला हुसकावायचं, ही कुठली रीत?

दुसरी हरकत आणखी मोठी आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात शारदेचाच प्रयोग होता. त्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरे यांनी तिथे गोळ्या घातल्या. यावर तुम्ही लिहिता, ‘शारदेचा राजकीय परिणाम एवढाच, की कलेक्टर नेमक्या जागी सापडला.’ पुढे हसणारा चेहरा. कान्हेरे यांना आणि त्यांच्या दोन साथीदारांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. त्या मार्गाबद्दल कुणाचं काहीही मत असो, विशीही न गाठलेल्या पोराच्या मरणावर हसणारा चेहरा चिकटवायचा नसतो. आणि विषय काढलाच आहे म्हणून सांगते, त्याच १९१० साली सरकारने खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी घातली. कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. नाटकांवर अंकुश ठेवणारा कायदा तर इंग्रजांनी १८७६ सालीच करून ठेवला होता. नाटक म्हणजे नुसती करमणूक असती, तर तीनचार तासांच्या खेळाला सरकार एवढं कशाला घाबरलं असतं?

तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करते. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला देवलांच्या नायिकेवरून नाव पडलं, असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. तो सारडा कायदा. अजमेरच्या हरविलास सारडा यांनी ते विधेयक मांडलं, म्हणून त्यांचं नाव. आपल्याकडे ‘सारडा’चं ‘शारदा’ इतक्या सहज झालं, की भाषणांतून आणि शाळेतसुद्धा मी तेच ऐकत आले. तपासायला हवं होतं, तपासलं नाही. लेखात दुरुस्ती केली आहे आणि ती तुम्ही दाखवलीत हेही लिहिलं आहे. पण एका आडनावावरून ‘अख्खा लेखच कोसळला’ म्हणणं हा अतिरेक आहे. कायद्याला नाव कुणाचंही असो, घरांमध्ये काय घडलं हा माझा विषय होता.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते. ‘लोक नाटक बघून रडले, टाळ्या वाजवल्या, आपण सुधारलो असं समजून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी पोरीचे पैसे मोजून घेतले.’

मोजून घेतले. खरं आहे. आमच्याच घरात मोजून घेतले होते.

माझ्या आजीची मोठी बहीण, आम्ही तिला ताईआजी म्हणायचो. १९२१ साली, वयाच्या अकराव्या वर्षी तिला सत्तेचाळीस वर्षांच्या तिजवराला दिली. तिच्या वडिलांनी रोख रक्कम घेतली आणि त्या पैशातून घरावर माडी चढवली. ती माडी अजून उभी आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे झोपले आहे. लाकडी जिन्याची तिसरी पायरी करकरायची आणि ताईआजी त्या जिन्याने कधीही वर जायची नाही. गुडघे दुखतात म्हणायची. मागच्या अंगणातल्या विहिरीच्या पायऱ्या मात्र दिवसातून चारदा उतरायची.

सोळाव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी परत आली. केशवपन, लाल अलवण, माजघराच्या मागची खोली. तिने आयुष्यात एकही नाटक बघितलं नाही, कारण तिला कोण जाऊ देणार होतं? पण शारदेची पदं तिला तोंडपाठ होती. शेजारच्या घरी ग्रामोफोन होता, भिंतीला कान लावून ऐकून शिकलेली. सुपात तांदूळ घेऊन बसली की खडा नखाने उडवता उडवता ती गुणगुणायची, अगदी घशातल्या घशात. मी नऊदहा वर्षांची असेन. रेडिओवर कधी नाटकातल्या म्हाताऱ्या नवरदेवाचं, भुजंगनाथाचं पद लागलं, त्याच्या पाऊणशे वयमानाचं, की घरातली सगळी मोठी माणसं हसायची. ताईआजी उठून आवाज बारीक करायची. तिला कुणी काही बोलायचं नाही.

हे मी मूळ लेखात लिहिलं नव्हतं, कारण ते आमच्या घरातलं आहे. आज तुमच्यामुळे लिहावं लागतंय.

१९२७ साली माझ्या आजीसाठी, म्हणजे ताईआजीच्या धाकट्या बहिणीसाठी, असंच एक स्थळ सांगून आलं. आजी बारा वर्षांची, नवरा मुलगा चाळिशी ओलांडलेला बिजवर, घरी शेती आणि सावकारी. या वेळीही रकमेची बोलणी झाली. आजीचे भाऊ, आमचे मामाआजोबा, तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि सांगलीला शिकायला होते. तिथे त्यांनी शारदेचा प्रयोग बघितला होता. एकदा नाही, पदरचे पैसे मोडून तीनदा. तुमच्या भाषेत ते टाळ्या वाजवून घरी गेलेल्यांपैकी. ते गावी आले, ओटीवर बोलणी चालली होती, पाहुणे बसले होते, पानाचं तबक मध्ये होतं. मामाआजोबा उभे राहिले आणि वडिलांना सर्वांसमोर एकच शब्द बोलले.

‘कांचनभट.’

कांचनभट म्हणजे शारदेचा बाप, पैशासाठी तिला विकायला निघालेला. त्या ओटीवर तो कोण हे माहीत नसलेला एकही माणूस नव्हता. पाहुण्यांनासुद्धा माहीत होतं. आपल्याला कोण ठरवलं जातंय हे बिजवराच्या भावालाही लगेच कळलं आणि त्याने उपरणं झटकून पायताण शोधायला सुरुवात केली. स्थळ मोडलं. आजीचं लग्न दोन वर्षांनी वीस वर्षांच्या विद्यार्थ्याशी झालं. ते माझे आजोबा.

आता सांगा, ‘सडेतोड’, हे कुठल्या कायद्याने केलं? सारडा कायदा लागू झाला १ एप्रिल १९३० ला. हे १९२७ मधलं आहे. आणि तो कायदा तरी काय होता? मुलगी चौदाची, मुलगा अठराचा. मोडणाऱ्याला फार तर महिनाभर साधी कैद किंवा हजारापर्यंत दंड, आणि लागलेलं लग्न कायमच. वर किती म्हातारा असू नये, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. चौदा पुरी झालेल्या मुलीला पासष्ट वर्षांचा नवरा केला तर कायदा गप्प. पाऊणशे वयमानाचा नवरदेव हा गुन्हेगार कधीच नव्हता. तो हास्यास्पद झाला, आणि त्याच्याशी सोयरीक करणारा बाप लाजिरवाणा झाला. हे कुणी केलं? तुम्ही १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा दाखला दिला आहे. तो कायदा मुलीशी शरीरसंबंधाची वयोमर्यादा दहावरून बारावर नेत होता आणि तेवढ्यासाठी पुण्यात काय गदारोळ उठला, हे तुम्हालाही माहीत आहे. आठच वर्षांनी शारदा आली. सभेत ज्या गोष्टीवर माणसं हातघाईला यायची, ती नाट्यगृहात मुकाट ऐकून रडायची.

पणजोबांना शिव्या देणारे सुधारक गावात होते, त्यांचं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. शास्त्राचा आधार सांगायला त्यांच्याकडे दहा वचनं होती. पण आपल्याला कांचनभट म्हटलं यावर उत्तर नव्हतं. त्यांनी ते नाटक स्वतः बघितलं होतं आणि कांचनभटाला हसले होते. मी ज्याला कलेची ताकद म्हणते ती ही, एवढीच आणि इतकी. शाळांनी काही केलं नाही असं मी कुठे म्हटलंय? लेख पुन्हा वाचा. घाईने वाचायचं आणि न लिहिलेल्या वाक्याला झोडपायचं, हे तुम्ही या एका प्रतिक्रियेत दोनदा केलं आहे.

सगोत्राचा मुद्दा. हो, शारदेचं लग्न मोडतं ते वधूवर एकाच गोत्राचे निघाले म्हणून. ‘देवलांनाही बंड झेपलं नाही’ असा तुमचा शेरा आहे. मला ते उलट वाटतं. समोर बसलेली माणसं पोरीचं रडणं बघून हललीही नसती, पण गोत्र म्हटलं की त्यांचे हात थांबायचे. देवलांनी त्यांचंच शास्त्र त्यांच्यापुढे धरलं. शिवाय नाटक तिथे संपत नाही. अर्ध्यावर लग्न मोडलेली पोर पुढे कुणाची, म्हणून ती नदीत जीव द्यायला जाते, तो प्रवेश तुम्ही सोयीने विसरलात. आधी नाटक पुरतं वाचावं, मग नाटककाराला काय झेपलं ते ठरवावं.

राहिला जातीचा मुद्दा. नाटकातली घरं ब्राह्मणांची आहेत, हे कोण नाकारतंय? आमचंही घर तेच होतं. रोग आमच्या घरात होता म्हणून औषधही तिथेच दिलं. सत्यशोधक चळवळीचे जलसे, म्हणजे गाणी-संवादांचे खेळ, ज्यांच्यासाठी होते त्यांच्यापर्यंत ते पोचले, त्यावर मी पूर्वी लिहिलं आहे. आणि द्वेषाची गाणी हा वेगळा विषय आहे, या लेखाचा नाही. त्यावर कधीतरी लिहीन. प्रत्येक लेखात सगळ्या जगाचा हिशोब मांडत बसले, तर एकही लेख व्हायचा नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही. कान्हेऱ्यांच्या ओळीपुढचा तो चेहरा मात्र तुम्ही स्वतःच काढा, अशी विनंती आहे. मी काढला तर तुम्ही त्यालाही सेन्सॉरशिप म्हणाल.

काल रात्री आईला फोन करून विचारलं, त्या दिवशी ताईआजी कुठे होती? आईने सासूकडून, म्हणजे आजीकडूनच, ऐकलेलं सांगितलं. ती माजघराच्या दाराआड उभी होती. सतरा वर्षांची. विधवा होऊन वर्ष झालं होतं. तिने तो शब्द ऐकला. ज्या शब्दाने धाकटी सुटली, तो सहा वर्षं आधी तिच्यासाठी कुणी बोललं नव्हतं. मामाआजोबा तेव्हा तेरा वर्षांचे होते आणि त्यांनी नाटक बघितलेलं नव्हतं. याचा सल त्यांना जन्मभर होता. दर दिवाळीला, पाडव्याला घरात कुणाच्याही आधी ते ताईआजीच्या खोलीत जाऊन तिच्या पाया पडायचे आणि ती दरवेळी पाय मागे घ्यायची.

त्या दिवशी ओटीवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. पणजोबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ताईआजीने त्यांचं ताट वाढलं.