माझं मत वॉरनबाईंना, आणि ते का

परवा मंगळवारी, 3 मार्च 2020 ला, आमच्या व्हर्जिनियासकट 14 राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीचं, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायचं, मतदान आहे. मी मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांना मत देणार आहे. काल साऊथ कॅरोलायनात त्या पाचव्या आल्या, तरीही. आठवडाभर आमच्या मराठी ग्रुपवर यावरून जोरात चर्चा चालू आहे, पण तिथे दोन ओळींच्या वर कुणी वाचत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडं. आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचं ते पक्षश्रेष्ठी ठरवतात, इथे ते मतदार ठरवतात, राज्याराज्यांतून, काही महिने. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, येतात, व्हर्जिनियाला 99 आहेत. ते मतांच्या प्रमाणात वाटले जातात, पण 15 टक्क्यांच्या आत राहिलात तर हाती काही लागत नाही. अधिवेशनात पहिल्याच फेरीत उमेदवारी मिळवायला 1991 डेलिगेट लागतात. व्हर्जिनियात पक्षाच्या नावाने नोंदणी नसते, त्यामुळे इथला कुठलाही नोंदलेला मतदार या प्रायमरीत मत देऊ शकतो. बाबांना फोनवर हे सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "मग एकाच पक्षाची माणसं वर्षभर एकमेकांची उणीदुणी काढतात, त्याने पक्षाचं नुकसान नाही होत?" होतं थोडं. पण माणूस पारखून घेता येतो, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं.

ग्रुपवर मात्र पारख कमी आणि अंदाज जास्त चाललेत. ट्रम्पना कोण हरवेल, हा एकच प्रश्न. विस्कॉन्सिनचा गोरा कामगार कुणाला मत देईल, मिशिगनमधल्या उपनगरांतल्या बायका काय करतील, यावर आम्ही व्हर्जिनियातली मराठी माणसं रात्री बारापर्यंत वाद घालतो. भीती खरी आहे. 2016 मध्ये विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून 80 हजारांहूनही कमी मतांनी डेमोक्रॅट्सच्या हातची गेली, ते कुणी विसरलेलं नाही. पण या अंदाजांचं गेल्या महिन्याभरात काय झालं तेही बघा. न्यू हॅम्पशायरमध्ये बायडन पाचवे आले तेव्हा ते संपले असं सगळे म्हणत होते, आणि काल त्यांनी साऊथ कॅरोलायनात जवळपास निम्मी मतं घेतली. आयोवात सर्वांत जास्त डेलिगेट मिळवणारे पीट बुटिजेज आज संध्याकाळी शर्यतीतून बाहेर पडले. ज्यांचा हा पोटापाण्याचा धंदा आहे त्यांनाही चार आठवड्यांपुढचं दिसलं नाही. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या राज्यातला अनोळखी माणूस काय करेल यावर मी माझं मत कसं ठरवू?

मला कळतं ते एवढंच, की अध्यक्षाला काम काय असतं आणि ते या माणसांपैकी कोणाला जमेल.

बर्नी सँडर्स यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. 2002 मध्ये इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत देणारे, तीस-चाळीस वर्षं एकच गोष्ट बोलणारे. गेल्या जुलैत ते मधुमेही रुग्णांना बसमध्ये घालून डेट्रॉइटहून सीमेपलीकडे कॅनडात विंडसरला घेऊन गेले, इन्सुलिन तिथे किती स्वस्त मिळतं ते दाखवायला. ज्याने हा प्रश्न देशासमोर ठेवला त्याचे उपकारच आहेत. माझी अडचण पुढची आहे. सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा देणारा कायदा सिनेटमधून, म्हणजे इथल्या संसदेच्या वरच्या सभागृहातून, कसा निघणार? तिथे शंभरातली साठ मतं नसतील तर विरोधक विधेयक अडवून धरू शकतात. हा नियम काढून टाका असं वॉरन उघडपणे म्हणतात. सँडर्स त्याला राजी नाहीत. लोकांची लाट सिनेटरांना वाकवेल असा त्यांचा भरवसा आहे, मला तो वाटत नाही. (गेल्या आठवड्यातल्या दिल्लीच्या दंगलींवर सँडर्स बोलले म्हणून ग्रुपवरच्या काहींनी त्यांच्यावर फुली मारली. मला ते कारण मान्य नाही. इथला अध्यक्ष निवडताना इथल्या लोकांचं काय होणार ते आधी पाहावं.)

जो बायडन यांना ग्रुपवरचे बहुतेक काका लोक मत देणार आहेत, आणि त्यात चूक काहीच नाही. भला माणूस आहे. 1972 मध्ये बायको आणि लहान मुलगी अपघातात गेली, 2015 मध्ये तरुण मुलगा कॅन्सरने गेला. दुसऱ्याचं दुःख त्यांना शिकवावं लागत नाही. साऊथ कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांच्यावर विश्वास टाकला, त्यामागे वर्षानुवर्षांची ओळख आहे. पण 2005 चा दिवाळखोरीचा कायदा मला विसरता येत नाही. कर्जात बुडालेल्या कुटुंबांना दिवाळखोरी जाहीर करून सुटका मिळवणं त्या कायद्याने अवघड करून ठेवलं. डेलावेअर म्हणजे क्रेडिट कार्ड कंपन्यांचं घर, आणि तिथले सिनेटर बायडन कायद्याच्या बाजूने होते. सिनेटच्या समितीपुढे त्यांच्याशी समोरासमोर वाद घालणारी प्राध्यापक होती एलिझाबेथ वॉरन. माणसं उधळपट्टीने बुडत नाहीत, आजारपण, गेलेली नोकरी आणि घटस्फोट यांनी बुडतात, हे तिने संशोधनातून मांडलं होतं.

अब्जाधीश उमेदवार मायकेल ब्लूमबर्ग यांची गुळगुळीत पत्रकं महिनाभर रोज पोस्टात येतायत. पहिली चार राज्यं सोडून थेट इथे उतरायचं आणि पैशाने सगळं भरून काढायचं, हे मला पटत नाही. न्यूयॉर्कचे महापौर असताना पोलिसांनी रस्त्यात अडवून ज्यांची झडती घेतली त्या लाखो काळ्या-तपकिरी मुलांचा हिशोबही बाकी आहे. एमी क्लोबुशार कष्टाळू आणि सरळ आहेत, मिनेसोटातून सिनेटवर तीनदा निवडून आल्यात, पण मोठं काही करायचं म्हटलं की त्यांचं उत्तर नेहमी सावध असतं.

आता माझ्या कामाबद्दल सांगते, कारण माझं मत तिथेच ठरलं. मी फार्मसिस्ट आहे. जानेवारी महिना आमच्या काउंटरवर सर्वांत वाईट. नवीन वर्षाबरोबर विम्याचं डिडक्टिबल (विमा कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी आपण खिशातून भरायची रक्कम) शून्यापासून सुरू होतं, आणि डिसेंबरात चाळीस डॉलरला मिळालेल्या औषधाला तोच माणूस तीनशे डॉलर भरायला उभा असतो. मी आकडा सांगते. तो एकदा स्क्रीनकडे बघतो, एकदा माझ्याकडे, आणि विचारतो, "अर्धंच देता येईल का?" इन्सुलिनच्या बाटलीचं अर्धं करता येत नाही. मग "पगार झाला की येतो" म्हणून जातो. बांधलेली पिशवी फ्रिजमध्ये पडून राहते, ठरलेले दिवस उलटले की मला ती परत स्टॉकमध्ये टाकावी लागते. जुन्या प्रकारचं स्वस्त इन्सुलिन मिळतं, पण त्याचा डोस आणि जेवणाच्या वेळा वेगळ्या. डॉक्टरांनी नीट बसवून दिल्याशिवाय ते कुणाच्या हातात ठेवायला माझं मन धजत नाही. नव्या प्रकारच्या इन्सुलिनची जी बाटली 1996 मध्ये 21 डॉलरला बाजारात आली तिची छापील किंमत आता, 2020 मध्ये, 275 च्या आसपास आहे. औषध तेच आहे. इन्सुलिन शोधणाऱ्यांनी 1923 मध्ये त्याचं पेटंट टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिलं होतं.

यावर वॉरनबाईंचं उत्तर मला सगळ्यांत नेमकं वाटलं. त्या म्हणतात, नव्या कायद्याची वाट बघू नका. पेटंट असलेलं औषध दुसऱ्याकडून बनवून घ्यायचा अधिकार सरकारकडे आजही आहे. अध्यक्षाने तो पहिल्या दिवसापासून वापरावा, सुरुवात इन्सुलिनपासून. भारतातल्या फार्मसीवाल्यांना हे नवीन नाही. 2012 मध्ये आपल्याकडे बायरच्या कॅन्सरवरच्या औषधाचा सक्तीचा परवाना नॅटकोला दिला गेला, आणि महिन्याला 2 लाख 80 हजारांचं औषध 8,800 रुपयांवर आलं. सिनेटमध्ये काहीही होवो, हे काम अध्यक्षाच्या सहीने सुरू होऊ शकतं. कोणत्या खात्याचं कुठलं कलम वापरायचं हे ज्याला माहीत आहे, त्याच्या हातात मला ती सही हवी आहे.

आणि त्यांनी सरकारी खातं शून्यातून उभं केलेलं आहे. ग्राहकांना बँकांपासून संरक्षण देणाऱ्या संस्थेची कल्पना त्यांनी 2007 मध्ये एका लेखात मांडली, 2010 मध्ये तिचा कायदा झाला, 2011 मध्ये संस्था सुरू झाली. तिने 2020 पर्यंत सुमारे 12 अब्ज डॉलर लोकांना परत मिळवून दिले. रिपब्लिकन सिनेटरांच्या विरोधामुळे प्रमुखपद दुसऱ्याला गेलं, तेव्हा बाई निवडणुकीला उभ्या राहून त्याच सिनेटमध्ये गेल्या.

खातं चालवता येणं किती गरजेचं आहे ते या आठवड्यात दिसतंच आहे. काल वॉशिंग्टन राज्यात कोरोनाचा देशातला पहिला मृत्यू जाहीर झाला. केंद्र सरकारने राज्यांना पाठवलेल्या तपासणी किटमध्ये दोष निघाला आणि आठवडे वाया गेले. व्हाइट हाउसमधला साथीच्या रोगांचा विभाग 2018 मध्येच मोडीत काढला होता. आमच्याकडचे मास्क कधीच संपलेत, म्हातारी माणसं काउंटरवर येऊन विचारतात आणि त्यांना सांगायला माझ्याकडे काही नसतं. वॉरन यांनी साथीच्या रोगांवरची आपली योजना जानेवारीतच मांडली होती, देशात जेमतेम पाच-सहा रुग्ण असताना.

त्यांच्या चुका मला दिसत नाहीत असं नाही. आपण अमेरिकेतल्या मूळनिवासी वंशाच्या आहोत हा दावा त्यांनी करायला नको होता, तो सिद्ध करायला केलेली डीएनए चाचणी तर मुळीच नको होती. आरोग्य विम्यावर त्या आधी सँडर्स यांच्याबरोबर होत्या, मग खर्चाचा हिशोब दिला, मग अध्यक्ष झाल्यावर तिसऱ्या वर्षी कायदा आणू म्हणाल्या. दोन्ही बाजूंचे लोक तिथेच तुटले. माझ्या मते हिशोब देण्यात चूक नव्हती. इतरांनी एवढा तपशीलवार दिला नाही, आणि त्यांना कुणी तितकं धारेवरही धरलं नाही.

"15 टक्के मिळाले नाहीत तर तुझं मत वाया जाईल," असं सुलभाकाकूंसारख्या दोघीतिघींनी कळवळून लिहिलं. काकू, डेलिगेट राज्यभरातून मिळतात तसे काँग्रेसच्या (म्हणजे इथल्या संसदेच्या) प्रत्येक मतदारसंघातूनही वेगळे मिळतात, आणि आपल्या भागात बाईंना पाठिंबा बरा आहे. शिवाय नोव्हेंबरमध्ये पक्षाने ज्याला उभं केलं त्यालाच मी मत देणार आहे, बायडन असोत की सँडर्स. निवडायची संधी परवा आहे.

मतदान सकाळी सहा ते संध्याकाळी सात. फोटो असलेलं ओळखपत्र बरोबर घ्या. शर्यतीतून बाहेर पडलेल्यांची नावंही मतपत्रिकेवर तशीच आहेत, तेव्हा खूण करण्याआधी नीट वाचा. माझी पाळी दुपारची आहे. सकाळी साडेसहाला मी गाडी काढणार आहे, कुणाला केंद्रापर्यंत सोडायचं असेल तर उद्या रात्रीपर्यंत मेसेज करा, मत कुणालाही देणार असलात तरी.