प्रूफ नाण्याला टूथपेस्ट लावू नका

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकन सिल्व्हर ईगलचं पीएफ ७० ग्रेडचं नाणं घ्या. ७० म्हणजे दुर्मिळ, भाव कधीच पडत नाही. फर्स्ट स्ट्राइक म्हणजे साच्यातून निघालेली पहिली नाणी. होल्डर हवाबंद असतो. कंपनीच्या साइटवर सर्टिफिकेट नंबर तपासा. पांढरे डाग आलेच, तर नाणं बाहेर काढून टूथपेस्टने किंवा सोडा-फॉइलने साफ करा आणि परत ग्रेडिंगला पाठवा.’ (सिल्व्हर ईगल हे अमेरिकन टांकसाळीचं चांदीचं नाणं. पीएफ म्हणजे प्रूफ, संग्राहकांसाठी खास पाडलेलं नाणं. ग्रेडिंग म्हणजे खाजगी कंपनीने नाणं तपासून जास्तीत जास्त ७० पर्यंत आकडा देणं, आणि होल्डर म्हणजे ते नाणं ठेवलेली तिची प्लॅस्टिकची बंद डबी.) मामा हे वाचून होल्डर फोडायला निघाले होते, म्हणून आधी डागांचंच बोलू.

प्रूफ नाण्याची मोकळी जागा आरशासारखी दिसते, कारण साचा आणि कोरी चकती दोन्ही पॉलिश करून ठसा एकापेक्षा जास्त वेळा मारलेला असतो. टूथपेस्टमध्ये खरवडणारी बारीक पूड असते. एकदा घासून नाणं एकाच दिव्याखाली तिरकं फिरवा, केसाएवढ्या रेघांचं जाळं चमकताना दिसेल. त्या रेघा पुन्हा जात नाहीत. परीक्षकाला त्या लगेच दिसतात आणि नाणं आकड्याशिवाय, ‘क्लीन्ड’ असा शेरा घेऊन परत येतं.

सोडा आणि फॉइलने चांदीच्या ताटवाटीचा काळेपणा जातो, एवढं खरं. तो काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो आणि गरम सोड्याच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम त्यातलं गंधक ओढून घेतं. पण हे दुधी डाग सल्फाइडचे नाहीतच. ठसा मारण्याआधी चकत्या धुतात आणि भट्टीत तापवतात. धुण्याचं रसायन नीट निघालं नाही तर ते तापून पृष्ठभागात बसतं, असं मानतात, आणि डाग कधीकधी काही वर्षांनी वर येतो. कॅनडाच्या टांकसाळीला २०१८ पासून मेपल लीफ या आपल्या चांदीच्या नाण्यासाठी मिंटशील्ड ही डाग कमी करणारी प्रक्रिया आणावी लागली ती याच डागांमुळे. सिल्व्हर डिपही नको. त्यातलं आम्ल आणि थायोयुरिया वरची चांदी खातं, चित्रावरचा फ्रॉस्ट (मुद्दाम दिलेला पांढरट खरखरीतपणा) फिका पडतो आणि डाग बहुतेक वेळा तिथेच राहतो.

ग्रेडिंगनंतर उठलेल्या डागांना पीसीजीएस या ग्रेडिंग कंपनीची हमी लागू नाही, त्यामुळे विकत घेण्याआधीच भिंगातून नाणं नीट पाहा. होल्डरमध्ये नसलेल्या नाण्यावर ताजा बोटाचा ठसा किंवा पीव्हीसीचा (मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटाचा) हिरवट चिकटपणा असेल, तर शुद्ध अ‍ॅसिटोन काचेच्या वाटीत घ्या (नेलपॉलिश रिमूव्हर नाही, आणि खिडकी उघडी ठेवून). नाणं कडेने धरून बुडवा, दुसऱ्या स्वच्छ वाटीत पुन्हा बुडवा आणि न पुसता वाळू द्या.

आता ७० म्हणजे दुर्मिळ, हे. आजकालची प्रूफ नाणी टांकसाळीतूनच इतकी नीट येतात की ७० मिळणं नवलाचं राहिलेलं नाही. दुर्मिळ म्हणायचं तर १९९५ चं वेस्ट पॉइंट टांकसाळीचं प्रूफ सिल्व्हर ईगल, फक्त ३०,१२५ नाणी. त्याच वर्षी फिलाडेल्फियाची प्रूफ चार लाखांवर निघाली. चांदी दोन्हींत एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅमच. ७० च्या लेबलसाठी मोजलेले जादा पैसे चांदीच्या भावाबरोबर वाढतीलच असं नाही, आणि विकताना तेच आधी कापले जातात.

फर्स्ट स्ट्राइकबद्दल अमेरिकन टांकसाळीनेच स्पष्ट सांगितलंय: नाणी कोणत्या क्रमाने पाडली याची नोंद ती ठेवत नाही आणि कुठल्याही नाण्याला ती ‘फर्स्ट स्ट्राइक’ ठरवत नाही. ग्रेडिंग कंपन्यांचं लेबल फक्त एवढं सांगतं की नाणं विक्रीच्या पहिल्या ३० दिवसांत पोचलं.

होल्डर हवाबंद नसतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत डब्यात सिलिका जेल ठेवा आणि रबरबँड लांब ठेवा, त्यात गंधक असतं.

कंपनीच्या साइटवर सर्टिफिकेट नंबर तपासा, हा एक सल्ला त्या मेसेजमध्ये बरोबर आहे, पण अर्धाच. बनावट होल्डरवर खऱ्या नाण्याचा नंबर छापलेला सापडतो. नंबरसोबत फोटो दिसत असेल, तर वर्ष, टांकसाळीचं अक्षर आणि नाण्यावरची एखादी बारीक खूण जुळवून पाहा.