२६ मिलिमीटर

आई पडली त्याला आता पाच आठवडे झाले. मनगट मोडलं, प्लास्टर आहे. "डावा हात आहे म्हणून निभावलं," असं तीच फोनवर सगळ्यांना सांगत असते, जणू पडायच्या आधी हात निवडला होता.

पडली इथे इंग्लंडमध्ये, आमच्या घरापासून चौथ्या दारासमोर. तिथल्या जुन्या झाडाच्या मुळांनी फुटपाथची एक फरशी वर उचलली आहे. पंचाहत्तरीची बाई, आयुष्यभर फेरीवाले, फुटपाथवर चढवलेल्या टू-व्हीलर आणि तुटक्या जाळ्या चुकवत चालली, आणि इथे येऊन पडली. मी तसं म्हणाले, तर म्हणते, "अगं, तिकडे मी खाली बघूनच चालते. इथे सगळं सपाट वाटलं, म्हणून झाडं बघत होते."

ती फरशी मला चार महिन्यांपासून माहीत होती. दोनदा माझीच शॉपिंग ट्रॉली तिथे अडली होती. समोरच्या घरातल्या आजी तर दोन वर्षांपासून तेवढ्यापुरत्या रस्त्यावर उतरून चालतात. आम्ही दोघींनी कुणालाही कळवलं नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी कळवलंच असेल. त्यांना वाटलं, कळवून काय होणार.

आता कायदा वाचल्यावर त्या गप्प बसण्याची किंमत कळली. १९८० च्या हायवेज ॲक्टच्या कलम ४१ प्रमाणे रस्ता आणि त्यालगतचा फुटपाथ नीट ठेवणं हे हायवे ऑथॉरिटीचं, म्हणजे बहुतेक रस्त्यांसाठी काउन्सिलचं (आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था) कर्तव्य आहे. त्याच कायद्यात पुढे कलम ५८ आहे. कुणी पडून दावा केला तर काउन्सिलला सांगता येतं की आम्ही वाजवी ती सगळी काळजी घेतली होती: ठरल्या वेळी तपासणी केली, तेव्हा काही दिसलं नाही, आणि मधल्या काळात कुणाची तक्रारही आली नाही. यातलं शेवटचं वाक्य त्यांना आम्ही पुरवलं, मी आणि समोरच्या आजींनी. म्हणून मी आता फरशीचा फोटो पाठवण्याला कुरकुर मानत नाही. फोटो गेला की तारखेची नोंद होते, आणि त्यानंतर "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणणं अवघड होतं.

आईला हे पटत नाही. "परक्या देशात कशाला तक्रारी करतेस? उद्या माझ्या व्हिसाला काही झालं म्हणजे?" हसू नका. इथल्या आपल्या कितीतरी लोकांच्या मनात हेच असतं, फक्त ते बोलत नाहीत. आपण पाहुणे, गुमान राहावं. अहो, काउन्सिल टॅक्स भरतो आपण! पाहुण्याला कुणी टॅक्स लावतं का?

तर तक्रार केली. पहिली गेली चुकीच्या दारात. आमचा टॅक्स गोळा करते डिस्ट्रिक्ट काउन्सिल, कचरा नेते तीच, पण रस्ते आणि फुटपाथ त्याहून मोठ्या भागाच्या काउंटी काउन्सिलकडे. जिथे अशी दुहेरी व्यवस्था आहे तिथे हा घोळ होतोच. लंडनमध्ये राहणाऱ्यांना बहुतेक रस्त्यांसाठी आपल्या बरोकडे, म्हणजे आपल्या भागाच्या काउन्सिलकडे, गेलं की पुरतं. आणि फरशीऐवजी एखादं लोखंडी झाकण खचलं असेल तर ते पाण्याच्या किंवा टेलिफोनच्या कंपनीचं असू शकतं, मग दुरुस्ती तिनेच करायची असते. झाकणावरची अक्षरं फोटोत येऊ द्या. ही सगळी विभागणी पाठ करायची नसेल तर फिक्समायस्ट्रीट वापरा. मायसोसायटी या संस्थेने २००७ मध्ये सुरू केलेली साइट आहे. नकाशावर जागा दाखवायची, फोटो टाकायचा, तक्रार योग्य काउन्सिलकडे जाते. शिवाय ती सगळ्यांना दिसते, त्यामुळे शेजाऱ्याने आधीच कळवलंय का तेही कळतं.

फोटोत मोजपट्टी ठेवा हे मी दुसऱ्या तक्रारीच्या वेळी शिकले. "फरशी धोकादायक आहे" या वाक्याला तिथे काही वजन नाही. विचारतात, किती मिलिमीटर? बऱ्याच काउन्सिलांनी फुटपाथसाठी २० किंवा २५ मिलिमीटरची मर्यादा ठरवलेली असते. त्याच्या वर गेलं तर दुरुस्तीच्या यादीत, खाली असेल तर फक्त नोंद. पट्टी नसेल तर पन्नास पेन्सचं नाणं कडेवर उभं धरा, ते २७ मिलिमीटरच्या किंचित वर भरतं. आमची फरशी भरली २६.

हे मोजमाप म्हणजे कायद्याने ठरवलेला आकडा नव्हे. कोर्ट प्रत्येक जागेचा वेगळा विचार करतं. पण इंचाच्या आसपासचा उंचसखलपणा चालणाऱ्याने गृहीत धरावा, अशा अर्थाचं १९६८ च्या लिव्हरपूलच्या एका खटल्यात न्यायाधीशांनी म्हटलं होतं, आणि तो दावा फेटाळला गेला होता. मला यातला व्यवहार कळतो. प्रत्येक कपचीसाठी नुकसानभरपाई द्यायची तर दुरुस्तीलाच पैसे उरणार नाहीत. पण इंच गृहीत धरणारा तो चालणारा कोण? पाय उचलून टाकणारा चाळीशीचा माणूस. आईचा पाय दहा मिलिमीटरही नीट उचलला जात नाही, ती घासत चालते. समोरच्या आजींचंही तेच. ज्यांना फुटपाथ सर्वात जास्त लागतो त्यांच्या पायाने ही पट्टी आखलेली नाही, आणि तक्रारीचा ऑनलाइन फॉर्मही त्यांच्या हाताने भरला जाणारा नाही.

भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवलाय, आणि ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे जीव गेला तर सहा लाख रुपये भरपाई द्या असं सांगितलंय. मग हसून म्हणाला, "आता फक्त फुटपाथ पाहिजे."

दावा करायला तीन वर्षं असतात, पण आईने साफ नाही म्हटलं. मी जोर केला नाही.

तक्रारीनंतर चौथ्या दिवशी कुणीतरी येऊन फरशीभोवती पांढऱ्या स्प्रेने चौकोन काढून गेलं. त्यानंतर दोन आठवड्यांनी ती फरशी काढून तिथे डांबर घातलं. मुळांशेजारी बहुतेकदा असंच करतात, म्हणजे पुढे मुळं वाढली तरी धारदार कड वर येत नाही. दिसायला ठिगळ आहे. आईने प्लास्टरचा हात झोळीत सांभाळत चपलेने दाबून बघितलं आणि म्हणाली, "लाटलंय बरं, पण कडा जाड राहिल्यात."

शेजारची फरशी १४ मिलिमीटर वर आहे. तिच्याभोवती चौकोन काढलेला नाही. आई आता तेवढ्यापुरती रस्त्यावर उतरून चालते, समोरच्या आजींसारखी.