−१२ आणि −१८ चा मसावि ६च आहे, −६ नाही

मसाविवरचा एक मेसेज सध्या खूप फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, आणि त्यातल्या दोघांची मुलं त्यावरूनच परीक्षेची तयारी करतायत, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मेसेजचं म्हणणं असं की दोन्ही संख्या ऋण असतील तर मसावि पण ऋण येतो, म्हणजे −१२ आणि −१८ चा −६. एक ऋण आणि एक धन असेल तर मसावि निघतच नाही. पुरावे तीन दिलेत: −१२क्ष − १८ मधून −६ कॉमन निघतो, मसावि गुणिले लसावि म्हणजे दोन संख्यांचा गुणाकार हा शाळेतला नियम, आणि एक्सेलला ऋण संख्या दिली की एरर येतो.

आधी मुख्य दावा बघू. महत्तम सामाईक विभाजक, हे तीन शब्द नीट लावले तरी उत्तर मिळतं. −१२ ला निःशेष भाग कशाने जातो? १, २, ३, ४, ६, १२ ने आणि याच सगळ्या ऋण करून, म्हणजे एकूण १२ विभाजक. आता +१२ चे विभाजक काढा, तेच १२ येतात, एक कमी नाही की एक जास्त नाही, कारण १२ = ४ × ३ असेल तर −१२ = ४ × (−३) झालंच, चिन्ह बदललं म्हणून भाग जायचा थांबत नाही. −१८ चं पण तसंच. दोघांचे सामाईक विभाजक चढत्या क्रमाने लिहिते: −६, −३, −२, −१, १, २, ३, ६. यात महत्तम कोण? ६. आणि −६ कुठे आहे बघा, रांगेत सगळ्यात आधी, म्हणजे सगळ्यात लहान! बरं, समजा धन विभाजक नकोतच, फक्त ऋणच घ्यायचे, तरी त्यातला मोठा −१ आहे. महत्तम या शब्दाने −६ पर्यंत पोचायला वाटच नाही.

"एक धन एक ऋण असेल तर निघत नाही" हे तर वरच्या यादीनेच संपलं, −१२ आणि +१८ घेतले तरी हेच आठ सामाईक विभाजक येतात. तरी भागाकार पद्धतीने करून बघायचं असेल तर −८४ आणि ३० घ्या. −८४ = (−३) × ३० + ६, बाकी ६ उरली. मग ३० ला ६ ने भागा, बाकी शून्य. मसावि ६, दोन पायऱ्यांत. बाकी शून्य किंवा धन ठेवायची एवढंच पथ्य.

आता −१२क्ष − १८ चा मुद्दा, कारण खरा गोंधळ इथेच होतो आणि तो होणं मला समजतं. −१२क्ष − १८ = −६(२क्ष + ३) हे शंभर टक्के बरोबर आहे, मी स्वतः मुलांना असंच करायला सांगते, कंसातलं पहिलं पद धन राहिलं की पुढे चुका कमी होतात. पण ६(−२क्ष − ३) हे पण तितकंच बरोबर आहे ना. कॉमन काय काढायचं ही आपली सोय आहे, आणि मसावि काय हा वेगळा प्रश्न आहे. इथे सहगुणकांचा मसावि ६ काढला आणि सोयीसाठी त्यासोबत −१ पण बाहेर घेतला, एवढंच झालं. एका मुलीच्या वहीत मी पाहिलं, अवयव एकदम बरोबर पाडले होते आणि खाली "मसावि = −६" लिहून मार्क घालवले होते, जीव हळहळला अक्षरशः.

गुणाकाराचा नियम. −१२ आणि १८ चा गुणाकार −२१६, मसावि ६, लसावि ३६, त्यांचा गुणाकार २१६. चिन्ह जुळत नाही, याचाच आधार मेसेज घेतो. पण हा नियम आपण शिकतो तो धन संख्यांसाठी. ऋण संख्या आल्या की उजवीकडे गुणाकाराचं केवलमूल्य, म्हणजे चिन्ह सोडून उरणारी किंमत घ्यायची, |−२१६| = २१६, जुळलं. आणि गंमत बघा, दोन्ही ऋण घेतल्या तर (−१२) × (−१८) = +२१६, म्हणजे मेसेजच्याच उदाहरणात मसावि −६ धरला तर नियम पाळायला लसावि पण −३६ धरावा लागेल, त्याबद्दल मेसेजमधे एक शब्द नाही.

एक्सेल एरर देतं हे खरं आहे, त्याचं जीसीडी, म्हणजे मसावि काढणारं फंक्शन ऋण संख्या घेत नाही. पण ती त्या फंक्शनची मर्यादा झाली, गणिताची नाही. आत एबीएस हे केवलमूल्याचं फंक्शन लावून चिन्ह काढा, उत्तर मिळेल. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत मॅथ डॉट जीसीडी या फंक्शनला −१२ आणि −१८ द्या, सरळ ६ येतात. मात्र सी या दुसऱ्या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्वतः भागाकाराचा लूप लिहिलात तर −६ येऊ शकतात, कारण तिथे बाकीला भाज्याचं चिन्ह लागतं: −१८ ला −१२ ने भागून बाकी −६, मग −१२ ला −६ ने भागून बाकी शून्य, आणि हातात −६. शेवटी केवलमूल्य घ्यायचं राहून जातं, आणि मग कॉम्प्युटरनेच सांगितलं म्हणून तोच स्क्रीनशॉट पुरावा बनतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. कॉलेजच्या बीजगणितात मसाविची व्याख्या थोडी वेगळी करतात: असा सामाईक विभाजक, ज्याला बाकी सगळे सामाईक विभाजक भाग घालतात. तिथे मोठा-लहान हा विचारच नाही, त्यामुळे ६ आणि −६ दोन्ही त्यात बसतात. पण दोन्ही, फक्त −६ नाही, आणि पूर्णांकांत त्यातला एक निवडायचा तर धन निवडायचा हा संकेत आहे. म्हणून मुलांनो, पेपरात ६ लिहा, आणि शून्य व −५ विचारले तर ५.