ड्रमवरचा आकडा धंद्यासाठी कोरलेला नसतो

"ब्रेकचे ड्रम आणि डिस्क कधीच बदलू नका, लेथवर कितीही वेळा टर्निंग करून मिळते" असा मेसेज फिरतोय. ड्रम आणि डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारे, ब्रेक ज्यावर घासतो ते लोखंडी भाग; टर्निंग म्हणजे त्यांचा झिजलेला पृष्ठभाग लेथवर कापून सारखा करणे. माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला, सोडून दिला. पण वाळपईच्या मामांनी तो वाचून मागचे ड्रम तिसऱ्यांदा लेथवर लावले आणि चवथीच्या बाजाराला बेळगावला जाऊन त्याच गाडीने मामीसकट चोर्ला घाट उतरून आले. आता गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो, ड्रमवरचा आकडा कंपनी आपले पार्ट खपवायला टाकते. मामांचा ड्रम मी स्वतः उतरवला. तारेच्या ब्रशने गंज घासल्यावर 'मॅक्स 182' दिसले, म्हणजे आतला व्यास जास्तीत जास्त 182 मिलिमीटर चालतो. नव्या ड्रमचा आतला व्यास 180 मिलिमीटर. म्हणजे दोन्ही बाजू मिळून 2, एका बाजूला जेमतेम 1 मिलिमीटर, आणि रोजची झीजही त्यातच. मोजायचा व्हर्नियर लावला तर 183 च्या वर! एवढ्या मोठ्या ड्रमला शूची, म्हणजे आतून दाबून ड्रम धरणाऱ्या भागाची, गोलाई जुळत नाही, नवा शू मधोमध तेवढा टेकतो. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या पिस्टनला जास्त बाहेर यावे लागते. डाव्या सिलिंडरचे रबर बोटाने सारले तर आत ब्रेक ऑइल, म्हणजे गळती. हे मामांना दाखवले तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसते खुर्चीवर बसले.

डिस्कवर असाच किमान जाडीचा आकडा असतो. गाडी थांबते ती वेगाची उष्णता करून, आणि ती पोटात घ्यायला लोखंड हवे. पातळ डिस्क घाटात लवकर तापते, ती धग ऑइलपर्यंत जाते. डॉट 3 प्रतीचे ब्रेक ऑइल कोरडे असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळू नये अशी अट आहे; ओलावा शिरला की ती 140 वर येते. ऑइल उकळले की त्यात वाफ होते, ती दबते आणि पेडल सरळ खाली जाते.

"सकाळी डिस्कवर गंज दिसला की टर्निंग करा." गोव्याच्या पावसात रात्रभर गाडी बाहेर राहिली की तांबूस थर येणारच. चार ब्रेक मारा, जातो.

"आवाज आला तर शूला थोडे तेल लावा." हे लिहिणाऱ्याने कुणाचा जीव घ्यायचे ठरवलेय का? तेल लागलेला शू धरत नाही, तो फेकूनच द्यावा लागतो.

टर्निंग वाईट नाही, एवढे मान्य करतो. चरे पडलेली पण जाडी शिल्लक असलेली डिस्क त्याने सुधारते, ब्रेक मारताना होणारी स्टिअरिंगची थरथरही बरेचदा जाते. मीही करून घेतलेय. पण टर्नरकडे आधी मोजून घ्या, कापल्यावर किती उरेल ते विचारा, आणि पुढची असोत वा मागची, दोन्ही चाकांचे एकदमच करा.

मामांच्या गाडीला दोन्ही ड्रम, शू आणि सिलिंडर नवे घातले. जुना ड्रम माझ्या पडवीत आहे. ज्याने मेसेज मामांना पाठवला त्याने येऊन तो आकडा वाचावा, व्हर्नियर मी देतो.