काळ्या मातीला नावं ठेवली? लोकमान्यनगरच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमच्या प्रतिक्रियेतली एक गोष्ट मला लागली आणि ती खरी आहे.

तुम्ही लिहिलंत की 'कुंडीला पाणी कमी घाला' हे माझं वाक्य वाचून तुम्ही मे महिन्यात पाणी तोडलंत आणि मोगरा वाळला. कढीपत्ता पिवळा होता तो पिवळाच राहिला. वर मी माळव्याच्या काळ्या मातीला नावं ठेवते, जिच्यात तुमच्या आजीने रामबागेतल्या अंगणात जाई, जास्वंद, पारिजातक फुलवले.

मोगऱ्याची चूक माझी. तो लेख मी मागच्या श्रावणात लिहिला होता, सगळ्यांच्या कुंड्यांत पाणी साचलेलं असताना, आणि तो पावसाळ्यापुरता आहे हे लिहायचं राहून गेलं. इंदूरच्या मेमध्ये पारा 42 च्या आसपास असतो, गच्चीचं सिमेंट तापलेलं असतं. तिथे 10 इंची कुंडीला बहुतेक रोज सकाळी पाणी लागतं, एखाद्या दिवशी संध्याकाळीसुद्धा. लेखात दुरुस्ती केली आहे. मोगरा मात्र इतक्यात उपटू नका. बुंध्याजवळ नखाने साल खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर वीतभर ठेवून वरचं छाटून टाका, या पावसात फुटेल.

आता आजीचं अंगण. काळी माती नापीक आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. बेसाल्ट झिजून झालेली ही माती पाणी धरून ठेवते, भिजली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अंगणात मुळांना खाली कितीतरी फूट जागा असते, जास्तीचं पाणी खोल उतरतं आणि उन्हाळ्यात तोच साठा कामी येतो. कुंडीत तीच माती भरली की पाण्याला उतरायला जागाच उरत नाही.

तुम्ही तळाला खड्यांचा थर दिलात, नर्सरीवाल्यानेही तेच सांगितलं. ही समजूत घरोघरी आहे आणि हिच्यामुळे खूप झाडं जातात. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण चिंब झाल्याशिवाय ते माती सोडत नाही. म्हणजे चिखलाचा थर जातो कुठेच नाही, उलट मुळांच्या आणखी जवळ येतो. घरी करून बघा: भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या, मग तोच उभा धरा. पुन्हा पाणी गळायला लागेल. म्हणून पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडी बरी. खडे टाकण्यापेक्षा भोकावर एक खापरी ठेवा आणि मातीच बदला. मी एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड रेती व विटांचा बारीक चुरा असं घेते. मूठभर रेतीने काही होत नाही, चिकणमातीत थोडीच रेती पडली तर गोळा आणखी घट्ट होतो.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंची जास्वंद अशीच 'पाणी घालूनही कोमेजते' म्हणून माझ्याकडे आली. कुंडी उपडी केली तर गटारासारखा वास. खालचे दोन इंच काळाकुट्ट, चकचकीत चिखल. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल म्यानासारखी निसटून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. मुळं कुजल्यामुळे झाड पाणी ओढू शकत नव्हतं, काकूंना वाटे ते तहानलंय, म्हणून त्या आणखी पाणी घालत होत्या. पाणी घालायच्या आधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून बघा. ओल लागली तर थांबा, मग महिना कुठलाही असो.

कढीपत्त्याचा मामला वेगळा वाटतो. फोटोत शेंड्याची कोवळी पानं पिवळी आहेत आणि शिरा हिरव्या. जुनी, खालची पानं पिवळी असती तर मी नत्र कमी म्हटलं असतं, किंवा पाणी जास्त. हे लक्षण लोह कमी पडल्याचं. लोह मातीत असतं, पण माती आणि बोअरिंगचं जड पाणी दोन्ही अल्कधर्मी (आम्लाच्या उलट), त्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. तुम्ही घातलेली अंड्याची टरफलं म्हणजे शेवटी चुनाच, कृपा करून ती बंद करा. एक लिटर पाण्यात 3 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराण्यात लिंबूसत म्हणून मिळतं) विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. लगेच वापरा, साठवू नका. फरशीवर पडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. फवारल्यावर आठवडाभर पानं फोडणीला नकोत, नंतरही नीट धुऊन घ्या. आधीची पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, नव्या फुटीकडे बघा. आणि शक्य असेल तर त्या एका कुंडीला पावसाचं साठवलेलं पाणी द्या.

त्याआधी कढीपत्त्याची कुंडी आडवी करून मातीचा गोळा हलकेच बाहेर काढून बघाल का? मुळं पांढरी, कडक असतील तर फवारा सुरू करा. तपकिरी आणि लिबलिबीत असतील तर माझं निदान चुकलं, मग आधी माती बदलावी लागेल. फोटो टाका, मी वाट बघते.