पोरगं वाढवायचंय? आधी चार्जर शोधा

पोरगं जेवत नाही म्हणून जिवाला घोर लावून घेऊ नका. भात कालवायच्या आधी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करा. कार्टून लागलं की तोंड आपोआप उघडतं. घास भाताचा की भेंडीचा, त्याला पत्ता नसतो. तुम्हालाही नसतो, कारण तुमच्या डाव्या हातात दुसरा मोबाइल. (एका मोबाइलवर पोर वाढायचे दिवस गेले.) दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन दाखवूच नका, दोन ते चार वर्षांच्या पोराला दिवसाला तासाच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगून ठेवलंय. त्यांना म्हणावं, या एकदा आमच्याकडं भरवायला.

रविवारी आपल्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर न्या. सूर्य बुडायला आला की पोराला कठड्यापाशी उभं करा, "हस की रं" म्हणून दटावा आणि मनासारखा फोटो येईतोवर भेळ मऊ पडू द्या. ते पाण्यातला बगळा दाखवायला लागलं, तर "थांब, अपलोड होतंय" म्हणा. घरच्या ग्रुपवर मावशीचा बदाम आला, की फिरायला नेल्याचं पुण्य पदरात.

शेजारच्या सांगली जिल्ह्यापासून मात्र जपून. तिथल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ साली एक खूळ निघालं: संध्याकाळी सातला भोंगा, की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. दीड तास! नवरा-बायकोनं इतका वेळ बोलायचं तरी काय? असल्या भोंग्याची वर्गणी मागायला कुणी पेठेत आलं, तर दार उघडू नका.

शाहू महाराजांच्या गोष्टीही पोरांना बेतानंच सांगा. १९१७ साली सक्तीचं शिक्षण आणताना त्यांनी शाळा बुडाली तर महिन्याला एक रुपया दंड ठेवला, तोही पालकाला. आमचं दुसरीतलं पोरगं हे कुठनंतरी ऐकून आलं आणि मलाच विचारलं, "पप्पा, तुमचा स्क्रीन टाइम किती?" मी बॅटरी संपल्याचं सांगितलं.

आणि जेवायला हाका मारून घसा बसवून घेऊ नका. राउटरचं बटण दाबा. पोरं मुकाट ताटावर येतात. आमच्याकडं फक्त आतल्या खोलीतनं आबा खेकसतात, "कुणी बंद केलं रं? आत्ता कुठं कुस्ती रंगात आलीया!"

कुस्तीचं खासबाग मैदान आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं.